उभा की आडवा? संशोधन व्हिडिओत मांडण्याआधी

प्रबंध जमा झाला, मौखिक परीक्षाही पार पडली. आता वाटतंय की यातलं थोडं तरी अशा मुलामुलींपर्यंत पोचावं ज्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं तोंडही पाहिलेलं नाही. इथवर आला असाल तर व्हिडिओ करायचा हे तुमचं ठरलेलंच असणार. उरतो तो प्रश्न उभा की आडवा, म्हणजे शॉर्ट-रील जातीचा मिनिटभराचा, की पंधरा-वीस मिनिटं बसून बघायचा. मी दोन्ही करून पाहिले आणि अजूनही दोन्ही करतो, पण त्यांचं प्रमाण पार उलटं झालंय.

(व्याख्यानाचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं चढवणं हा तिसरा पर्याय मी धरतच नाही. त्यातली पहिली चार मिनिटं व्यासपीठावरच्या मान्यवरांत जातात.)

माझा कल आडव्याकडे आहे, म्हणून उभ्याची बाजू आधी सांगून टाकतो, नाहीतर नंतर माझ्याकडून अन्याय होईल.

लिपिशास्त्र, पाठचिकित्सा, मौखिक इतिहास हे शब्द कोणी अठरा वर्षांचं पोर शोधपट्टीत टाकत नाही. उभ्या व्हिडिओला शोधाची गरजच नसते. क्रिकेटचा एक झेल आणि कोणाचा तरी नाच यांच्यामध्ये तुमचं शिलालेखातलं अक्षर अचानक समोर येतं आणि अंगठा क्षणभर थबकतो. माझे सगळ्यात तरुण प्रेक्षक याच वाटेने आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसरा फायदा लिहिणाऱ्याला होतो. मिनिटभरात एकच प्रश्न आणि एकच वस्तू मावते. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण मी असं बसवायला गेलो तेव्हा लक्षात आलं की त्यात माहिती भरपूर होती, प्रश्न मात्र मुळातच नव्हता. मार्गदर्शकांच्याही ते नजरेतून सुटलं होतं.

वेळेची मर्यादा आता पूर्वीइतकी जाचक नाही. यूट्यूब शॉर्ट्सला पूर्वी साठ सेकंदांची चौकट होती. ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत चालतं. मला त्या वाढीव दोन मिनिटांचा फारसा उपयोग झाला नाही. अंगठ्याला अजून जुनीच सवय आहे. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

आकड्यांनी मात्र हुरळून जाऊ नका. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला किंवा पुन्हा फिरला तरी एक व्ह्यू धरला जातो, किमान किती सेकंद पाहिला याची अट नाही. खरोखर थांबून पाहणाऱ्यांचा आकडा चॅनेलच्या विश्लेषणात वेगळा मिळतो, तो उघडून बघा. मी बघितला आणि दोन दिवस कोणाशी फारसं बोललो नाही.

चौकटीच्या आकाराचं कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो. आपली साधनं बहुतेक आडवी असतात. पोथीचं पान आडवं, ताडपत्र तर पट्टीसारखं लांब, शिलालेखाची ओळ आडवी, नकाशेही बरेचदा तसेच. उभ्या चौकटीत ओळ पूर्ण घेतली की अक्षरं मुंगीएवढी होतात, आणि अक्षर मोठं केलं की ओळ तुटते. मूर्ती, स्तंभ, उभी हस्तलिखितं यांना मात्र ही चौकट शोभून दिसते. कलेतिहासवाल्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पण माझा निकाल यातल्या कशाने लावला नाही. तो लागला दुरुस्तीवरून.

माझा सगळ्यात जास्त चाललेला शॉर्ट ब्राह्मीवर होता, म्हणजे अशोकाचे लेख ज्या प्राचीन लिपीत आहेत आणि जी पुढे कोणालाच वाचता येईना, तिच्यावर. गोष्टच अशी आहे की ती मिनिटात बसते. सांचीच्या दगडी कठड्यांवर लहान लहान लेख कोरलेले आहेत. त्यांचे ठसे जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकापुढे आले, आणि त्याच्या लक्षात आलं की बहुतेक लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतोय. इतक्या वेगवेगळ्या लोकांनी एका धार्मिक जागी एकाच शब्दाने संपणारं काय लिहिलं असेल? देणगी. म्हणजे तो शब्द ‘दानं’. द आणि न हाती लागले, मग बाकीची अक्षरं सुटत गेली. साल १८३७. शेवटी मी ऐटीत म्हटलं, “आणि असा एका माणसाने, दोन अक्षरांवरून, सम्राट अशोक शोधून काढला.” चोपन्न सेकंद.

शेवटचं वाक्य सोडून सगळं ठीक होतं. संहितेच्या पहिल्या खर्ड्यात आणखी तीन ओळी होत्या. त्याआधीच, १८३६ मध्ये, ख्रिस्तियन लासेन या युरोपीय संस्कृत पंडिताने अगाथोक्लीस या ग्रीक वंशाच्या राजाच्या नाण्यावरून काही ब्राह्मी अक्षरं ओळखली होती, कारण त्या नाण्यावर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आहे. पुढे स्तंभांवरचे राजाज्ञांचे लेख वाचता आले तरी त्यांत अशोकाचं नाव नव्हतं, ‘देवानंपिय पियदसि’ (देवांचा लाडका पियदसि) असं होतं, आणि प्रिन्सेपला आधी तो सिंहलचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, राजा वाटला. पियदसि म्हणजे अशोक हे जॉर्ज टर्नर या सिंहलमधल्या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिथल्या पाली ग्रंथांवरून दाखवलं. त्याच्या स्वतःच्या लेखात प्रत्यक्ष ‘अशोक’ हे नाव मिळालं ते १९१५ मध्ये, कर्नाटकातल्या मास्कीला. या तीन ओळींनी वेग पडत होता म्हणून मी त्या कापल्या. कोणी सांगितलं नव्हतं, स्वतःच कापल्या.

चौथ्या दिवशी एका प्रेक्षकाने टिप्पणीत अतिशय सभ्यपणे विचारलं की लासेन आणि टर्नर कुठे गेले. त्याचं बरोबर होतं. आता करायचं काय? चढवलेला व्हिडिओ काढून त्याच पत्त्यावर नवा ठेवता येत नाही. शॉर्टचं वर्णन कोणी उघडून वाचत नाही. टिप्पणी वर पिन केली, त्यात संदर्भ दिला, तर ३१ ऑगस्ट २०२३ पासून शॉर्टच्या वर्णनातल्या आणि टिप्पण्यांमधल्या लिंकवर बोट ठेवून काही उघडतच नाही. फसव्या लिंक रोखायला हे केलंय, कारण मान्य आहे, पण तळटीप आपली गेली ती गेलीच.

मग मी दुरुस्तीचा दुसरा शॉर्ट केला, आणि खरी गंमत तिथे कळली. कोणता शॉर्ट कोणापुढे जाईल हे आपल्या हातात नाही. ज्यांनी चूक पाहिली होती त्यांच्यापर्यंत दुरुस्ती बहुधा गेलीच नाही. ज्यांना दुरुस्ती दिसली त्यांना मुळात चूक कसली हेच कळेना. खाली एकाने लिहिलं, “दादा, हे कोणाबद्दल चाललंय?” काही महिन्यांनी नात्यातल्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीने, तो माझाच व्हिडिओ आहे हे माहीत नसताना, मला मोठ्या उत्साहाने सांगितलं की एका माणसाने दोन अक्षरांवरून अशोक शोधून काढला. वाक्य शब्दशः माझं होतं. मी तिथे बसून तिला लासेन सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की आधीची गोष्ट जास्त चांगली होती.

हे काहींना क्षुल्लक वाटेल, आणि असेलही. पण आपल्या विषयांत ‘बहुधा’, ‘असं दिसतं’, ‘एका मतानुसार’ हे शब्द निष्कर्षाचाच भाग असतात. मिनिटाच्या कात्रीत सगळ्यात आधी तेच सापडतात, कारण ते काढले तरी वाक्य व्याकरणात उभं राहतं. एखादं नाव काढलं तर निदान भोक दिसतं. ‘बहुधा’ काढल्याचं कोणाला कळतही नाही.

तोच विषय मी पुढे अठरा मिनिटांत केला. आश्चर्य म्हणजे कापलेल्या त्या तीन ओळीच लोकांना आवडल्या. प्रिन्सेप चुकला, सिंहलचा राजा समजून बसला, हे ऐकल्यावर टिप्पण्यांत प्रश्न यायला लागले: मग त्याला बरोबर कोणी केलं, नाण्यावर नाव कसं लिहिलंय, पाली ग्रंथांवर विश्वास का ठेवायचा. संशोधन कसं चालतं ते या प्रश्नांत आपोआप येतं. (एका व्हिडिओवरून नियम काढू नये, हे माझं मलाच सांगतो.)

चूक याही व्हिडिओत झाली, एक साल मी चुकीचं बोललो. पण इथे वर्णनात ‘करेक्शन’ हा शब्द इंग्रजीत लिहून पुढे वेळ आणि दुरुस्ती टाकली की व्हिडिओ त्या जागी पोचल्यावर कोपऱ्यात सूचना उमटते. जो चूक ऐकतो त्यालाच, त्याच क्षणी, दुरुस्ती दिसते. मला एवढंच हवं होतं. वर्णनातल्या लिंक उघडतात, म्हणजे तळटीपही परत आली. शिवाय व्हिडिओचे भाग पाडता येतात: पहिला ०:०० ला सुरू व्हावा, किमान तीन असावेत आणि प्रत्येक निदान दहा सेकंदांचा. माझ्या प्रत्येक व्हिडिओत एका भागाचं नाव ‘इथे मला खात्री नाही’ असं असतं. काही जण थेट तिथेच उडी मारतात.

आडव्याचे ताप कमी नाहीत. शॉर्ट एका संध्याकाळी उरकतो, याला माझे तीन-चार आठवडे जातात. आवाज खराब असेल तर कितीही चांगला मजकूर कोणी ऐकत नाही, तेव्हा पहिला खर्च माइकवर करा, कॅमेऱ्यावर नको. चित्रांची सोय लावावी लागते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून स्वामित्वमुक्त वस्तूंची छायाचित्रं खुली केली आहेत, तसे संग्रह आधी धुंडाळावेत. आणि पहिले काही व्हिडिओ मित्र, मित्रांचे मित्र आणि एखादे निवृत्त प्राध्यापक यांच्यापलीकडे जात नाहीत. तरुण तर नाहीतच. हा काळ कंटाळवाणा असतो. मोठा धोका मात्र आपल्याच सवयीचा असतो: जागा मिळाली की आपण पूर्वसंशोधनाचा आढावा सुरू करतो. तो व्हिडिओत नको, वर्णनात टाका.

मधला रस्ता आहे. शॉर्टला आपलाच एखादा मोठा व्हिडिओ जोडता येतो, आणि ती जोडणी बोट लावल्यावर उघडते. माझ्याकडे त्या दारातून फार थोडे आत आले. जे आले ते मात्र प्रश्न घेऊन आले.

तर निवड कशी करायची? तुमचा विषय एका वस्तूवर किंवा एका शब्दाच्या इतिहासावर उभा असेल, आणि त्यावर अभ्यासकांत फारसा वाद नसेल, तर उभा करा, बिनधास्त करा. कॅमेऱ्यासमोर बोलायची सवय नसेल तरी आधी आठ-दहा उभेच करा, लाज मोडते. पण विषय धर्म, जात, भाषा, ओळख यांच्या जवळपास फिरत असेल किंवा दोन मतं आजही जिवंत असतील, तर मी आडव्याशिवाय जाणार नाही. आडव्या व्हिडिओचाही तुकडा कोणी कापून फिरवेल, हे खरं. पण तेव्हा बोट ठेवून दाखवायला पूर्ण मूळ तरी असतं.

सध्या मी आधी लांब संहिता लिहितो, तो व्हिडिओ चढवतो, आणि मग त्यातून एखाद-दुसरा शॉर्ट काढतो, तोही ‘बहुधा’ शाबूत ठेवून. ब्राह्मीचा तो शॉर्ट मात्र अजून उडवलेला नाही. उडवला तर त्याच्याखालची त्या सभ्य माणसाची टिप्पणीही जाईल, आणि ती टिप्पणी माझ्या शॉर्टपेक्षा बरी आहे.