साडेतीनशेचा लगेज काटा आणि कोरियन धनुष्याचं खरं पाउंडेज

रिव्ह्यू काट्याचा आहे पण अर्धी गोष्ट धनुष्याची निघणार, आधीच सांगून ठेवतो. ठाणे स्टेशनजवळ नौपाड्याच्या बाजूला एका छोट्या दुकानातून हा हुकवाला डिजिटल काटा घेतला, 50 किलोपर्यंतचा, 350 रुपये, विमानाने जाणारे बॅगा मोजायला घेतात तोच. घरी आणला तर आई म्हणाली "कुठे चाललायस?", म्हटलं कुठे नाही गं, धनुष्य मोजायचंय. त्यावर तिने नुसतं बघितलं.

झालं असं की मी कोरियन पद्धतीचं धनुष्य मागवलं, फायबरग्लासवालं, आणि त्याच्यावर नुसतं 40 लिहिलेलं. 40 पाउंड हे कळलं, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, यालाच पाउंडेज म्हणतात, पण किती ओढल्यावर 40? धनुष्य जितकं जास्त ओढाल तितकं जड होत जातं, त्यामुळे ओढ किती ते सांगितल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थच नाही. आपल्याकडे ग्राउंडवर रिकर्व (ऑलिंपिकमधलं धनुष्य) मारणारे सगळे 28 इंच धरून बोलतात, म्हणजे धनुष्याच्या मुठीच्या (हाताने धरायच्या जागेच्या) सगळ्यात खोल भागापासून दोरीपर्यंत 26.25 इंच, त्यात 1.75 मिळवायचे की झाले 28. आता कोरियन लोक अंगठ्यात रिंग घालून ओढतात आणि हात हनुवटीशी थांबतच नाही, गाल ओलांडून पार कानामागे खांद्यापर्यंत जातो. तिकडे बाणाची लांबी जा आणि ची मध्ये मोजतात, 1 जा म्हणजे 30.3 सेमी आणि ची त्याचा दहावा भाग, तर 2 जा 6 ची चा बाण म्हणजे 78.8 सेमी, बरोब्बर 31 इंच. विकणाऱ्याला मेसेज केला तर दोन दिवसांनी उत्तर आलं "31 वर". कुठून 31, मुठीच्या आतून का बाहेरून, ते विचारलं तर गप्पच. मूठ चांगली जाड असते हो, तिथेच एक-दीड इंचाचा फरक पडतो आणि इंचाला दोन पाउंड इकडेतिकडे. म्हणून काटा.

आधी काटा खरा आहे का ते बघितलं, 10 किलोची सीलबंद आट्याची पिशवी लटकवली तर 10.08 आलं. पिशवीचं वजन धरलं तर चांगलंच म्हणायचं. मग दारातल्या पुल-अपच्या दांड्यावर टॉवेल गुंडाळून धनुष्य मुठीत अडकवलं, दोरी खाली, दोरीच्या मधोमध काट्याचा हुक, आणि शिंप्याची टेप धरून शेजारचा दादा उभा. हुक बारीक आहे, दोरीवरची गुंडाळी कापेल म्हणून मध्ये जुन्या बॅगेच्या पट्ट्याचा तुकडा घातला, तो घालाच. आणि ओढल्यावर अजिबात सोडायचं नाही, हळूहळू वर न्यायचं, बाणाशिवाय दोरी सोडली की धनुष्य फुटू शकतं.

आता काट्याची तक्रार. हा शहाणा काटा वजन स्थिर झालं असं वाटलं की बीप करून आकडा लॉक करतो. बॅगेसाठी छान, पण आपण ओढता ओढता दम घ्यायला 26 इंचांवर थांबलो की तिथलाच आकडा पकडून बसतो आणि पुढे कितीही ओढा, हलत नाही. तासभर आम्हाला वाटत होतं धनुष्यच खराब आहे! शेवटी उपाय सापडला, प्रत्येक मापासाठी काटा बंद करून परत चालू करायचा आणि एकाच दमात त्या मापापर्यंत जाऊन तिथेच थांबायचं. बटण दाबून पाउंडही येतात, औंसही येतात आणि जिन नावाचं चिनी मापही येतं, ते 500 ग्रॅमचं असतं. माझ्याकडून एकदा तेच लागलं आणि धनुष्य एकदम दुप्पट ताकदीचं झालं, दादा तर घाबरलाच. तेव्हापासून किलोतच घेतो आणि 2.2 ने गुणतो.

तर आकडे, वर सांगितलेल्या 28 वाल्या पद्धतीनेच मोजलेले: 28 वर 15.4 किलो म्हणजे 34 पाउंड, 30 वर 17.2 म्हणजे 38च्या आसपास, 31 वर 18.2 म्हणजे 40, आणि 32 वर 19.2 म्हणजे 42 ला टेकलं. म्हणजे विकणारा खोटं बोलला नव्हता, फक्त अर्धंच बोलला होता. ग्राउंडवरचा मित्र हनुवटीपर्यंतच ओढतो, त्याला तेच धनुष्य 34 लागणार आणि तो म्हणणार 40 कसलं हे, लहान मुलांचं आहे. मी रिंग घालून 31 ओढतो, मला पुरेपूर 40.

बाण घेताना हाच आकडा कामाला आला. कोरियन बाणाचं वजन दोन मध्ये सांगतात (दोन हे मापाचं नाव, आपला आकडा नाही), तिकडे सोनंही त्यातच मोजतात, 1 दोन म्हणजे 3.75 ग्रॅम. 7 दोनचा बाण म्हणजे 26.25 ग्रॅम, जुन्या हिशोबाने सव्वादोन तोळे! एवढा ऐवज 145 मीटरवरच्या निशाणावर फेकायचा, लोकलचे सात डबे लांब धरा. त्यांचं खरं शिंगाचं धनुष्य म्हशीचं शिंग, बांबू, जनावराच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे चिवट तंतू) आणि माशाचा डिंक यांचं असतं, ओल लागली की मऊ पडतं, म्हणून तिकडे ते उबदार पेटीत ठेवतात. ठाण्याच्या जुलैत ते घेऊन बसलो असतो तर रोज वेगळं पाउंडेज मोजत बसावं लागलं असतं, म्हणून फायबरग्लासच बरं.

काट्याला 5 पैकी साडेतीन. लॉक बंद करायची सोय असती तर साडेचार दिले असते. दुकानदाराला विचारलं लॉक नसलेला आहे का, तर म्हणाला "साहेब, भंगारवाले घेतात तो स्प्रिंगचा घ्या, 200 ला". तो दोन किलो इकडेतिकडे दाखवतो, म्हणून नाही घेतला.