घरात गव्हांकुर: माती, कोकोपीट की जाळीचा ट्रे?

गव्हांकुर कसे लावायचे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. भिजवा, मोड आणा, पसरा, पाणी शिंपडा, आठव्या-नवव्या दिवशी कापा. यात न समजण्यासारखं काही नाही. त्रास सुरू होतो दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला, आणि तो दोनच गोष्टींचा असतो: बुरशी आणि चिलटं. कशात लावायचं हे ठरवताना आपण या दोघींपैकी कुणाशी रोज भांडायचं तेवढंच ठरवत असतो. मातीत बुरशी कमी, चिलटं फार. नुसत्या पाण्यावर, म्हणजे जाळीच्या ट्रेमध्ये, चिलटांचा प्रश्नच जवळजवळ मिटतो, पण बुरशी टपून बसलेली. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, या दोघांच्या मध्ये कुठेतरी.

मी तिन्ही प्रकार घरात नांदवले आहेत. घर म्हणजे पुण्यातला फ्लॅट, पूर्वेला बाल्कनी, दुपारनंतर ऊन नाही. रस आईला हवा असतो, उरलासुरला मला. तुमचं घर वेगळं असेल तर निष्कर्षही थोडे वेगळे निघतील, हे आधीच सांगतो.

दुसरी गोष्ट, डिसेंबर-जानेवारीत कशातही लावा. गहू रब्बीचं पीक, त्याला गारवा मानवतो, आणि हवा कोरडी असली की बुरशीचाही जोर नसतो. त्या दिवसांत तिन्ही पद्धती सारख्याच गुणी वाटतात. खरी परीक्षा जून ते ऑक्टोबर. पुढचं सगळं त्या महिन्यांचं आहे.

मातीपासून सुरुवात करू, कारण बहुतेकजण तिथूनच करतात. सात कुंड्यांची जुनी पद्धत तुम्हाला माहीत असेलच: रोज एक पेरायची, म्हणजे आठव्या दिवसापासून रोज एक कापायला येते. माती-शेणखतातलं गवत दणकट येतं, पातं रुंद, रंग गडद. रसही मला दाट वाटतो. बुरशी क्वचित, कारण जास्तीचं पाणी खाली निघून जातं आणि दाण्याभोवती ते साचून राहत नाही. एखाद दिवस पाणी द्यायचं राहिलं तरी माती सांभाळून घेते. इथवर मातीला तोड नाही.

पण चिलटं. फळांच्या टोपलीवर घोंघावतात ती नव्हेत. ही काळपट, बारीक, लांब तंगड्यांची, उडण्यात आळशी. कुंडीला धक्का लागला की मातीवर तुरुतुरु पळतात, मग नाइलाजाने उडतात. चावत नाहीत, रोगराई आणत नाहीत. वैतागापलीकडे त्यांचा फारसा उपद्रव नाही, पण वैताग पहिल्या प्रतीचा. संध्याकाळी दिवा लावला की वाचणाऱ्याच्या तोंडासमोर हजर. लॅपटॉपच्या पडद्यावर कर्सरशेजारी चालतात. चहा दोन मिनिटं ठेवावा तर त्यात एक पोहत असतं. आई एरवी तक्रार करणारी बाई नाही, पण तीही एका संध्याकाळी म्हणाली, “रस राहू दे रे, आधी यांचं काहीतरी कर.”

त्यांचं बिऱ्हाड मातीच्या वरच्या इंच-दीड इंचात असतं. मादी ओलसर मातीत शंभराच्या वर अंडी घालते. अळ्या काचेसारख्या पारदर्शक, डोकं तेवढं काळं. त्या बुरशी, कुजकं खत आणि कोवळी मुळं खातात. खात्री करायची असेल तर बटाट्याची चकती कापून मातीवर पालथी ठेवा आणि एक-दोन दिवसांनी उचला. अळ्या असतील तर खालच्या बाजूला चिकटलेल्या दिसतील. मला दिसल्या होत्या, आणि त्यानंतर काही दिवस आमच्याकडे बटाट्याची भाजी झाली नाही.

आता हिशेब बघा. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत चिलटाला साधारण तीन-चार आठवडे लागतात, उकाड्यात थोडे कमी. गव्हांकुर कापायला येतो आठ-दहा दिवसांत. म्हणजे एका पेरणीत चिलटाची पिढी पुरी होतच नाही. ती पुरी होते आपण पुढे जे करतो त्यात: दुसऱ्या कापणीच्या लोभाने तीच कुंडी ठेवून देणं, मुळांची गादी बाल्कनीच्या कोपऱ्यात ‘खत होईल’ म्हणून टाकणं, तीच माती उकरून पुन्हा पेरणं. सात कुंड्यांच्या चक्रात हे तिन्ही होतं. नवरात्रातल्या घटाकडे बघा. शेतातली काळी माती, सात धान्यं, मडक्यातून पाझरेल तेवढंच पाणी, आणि नऊ दिवस झाले की घट हलवला, माती घराबाहेर. घटाभोवती चिलटांचे थवे मी कधी पाहिले नाहीत. चिलटाला तेवढी मुदतच मिळत नाही.

तेव्हा मातीत लावायचं तर नियम सरळ आहे: एकच कापणी, मुळांची गादी त्याच दिवशी घराबाहेर, आणि वापरलेली माती उन्हात चांगली तापवल्याशिवाय परत कुंडीत नाही. मे महिन्यात गच्चीवर काळ्या प्लास्टिकखाली ओलसर माती चार-सहा आठवडे ठेवली की अळ्या, अंडी, बुरशी सगळ्यांचा बऱ्यापैकी निकाल लागतो. माझं घोडं अडलं ते इथेच. चिलटं येतात पावसाळ्यात आणि त्यांचं औषध आहे उन्हात. जुलैत ऊन आणायचं कुठून? गच्ची नसेल तर मेमध्येही पंचाईत. बाकीचे उपाय करून पाहिले. पिवळे चिकट सापळे कृषी सेवा केंद्रात मिळतात, शेतकरी पांढऱ्या माशीसाठी लावतात तेच. त्यांवर उडणारी चिलटं भरपूर अडकतात आणि बघून समाधान वाटतं, पण मातीतल्या अळ्यांचं काही बिघडत नाही. मातीवर बारीक वाळूचा अर्धा इंच थर द्या असं सांगतात. तुळशीच्या कुंडीत ते जमतं. गव्हांकुर मात्र इतका दाट उगवतो की वाळूसकट वरचा पापुद्रा उचलून डोक्यावर घेतो. निंबोळी पेंडीने फरक पडला, पण तिचा वास बंद खोलीत आम्हाला सोसवेना. डासांच्या अळ्यांवर वापरतात ते बीटीआय नावाचं जिवाणूंचं औषध या अळ्यांवरही चालतं. ज्यांना ते घरगुती मापात मिळेल त्यांनी जरूर वापरावं, मला सहज मिळालं नाही. कडुनिंबाचं तेल किंवा कीटकनाशक फवारण्याचा विचारही नको. आठवड्याने तेच गवत मिक्सरमध्ये जायचं आहे.

कोकोपीटबद्दल फार लिहीत नाही, कारण माझं त्याच्याशी जमलं नाही आणि त्यात दोष त्याचा किती आणि माझ्या अपेक्षांचा किती हे सांगणं कठीण आहे. हलकं, स्वच्छ, फरशीवर सांडलं तरी झाडूने निघतं. शेणखत नसल्याने चिलटं मातीपेक्षा कमी. पण ‘कोकोपीटमध्ये चिलटं होतच नाहीत’ हे दुकानदाराचं वाक्य मनावर घेऊ नका. ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं आणि वरून सुकलेलं दिसतं तेव्हाही आत चिंब असतं. आपण वरचा रंग बघून पुन्हा पाणी घालतो, मग बुरशी आणि चिलटं दोघंही येतात. ते दाबून केलेल्या विटेच्या रूपात मिळतं; स्वस्त विटेत क्षारही असतात, दोन-तीनदा धुऊन घ्यावी लागते. आणि कापताना पात्याच्या बुडाशी त्याचा भुसा येतो, तो धुताना जीव जातो. ज्यांना मातीचा पसारा नको, पण रोज दोनदा ट्रे धुणंही जमणार नाही, त्यांच्यासाठी ते ठीक आहे. फक्त वजनाने पाणी द्या: ट्रे उचलून बघायचा, हलका लागला तरच पाणी.

उरला जाळीचा ट्रे. वर जाळी, खाली पाण्याचं भांडं, मध्ये माती नाही की भुसा नाही. यात चिलटांना अंडी घालायला जागाच राहत नाही. मुळांची गादी फार दिवस ओली पडू दिली तर सांगता येत नाही, पण वेळेवर काढली तर घरात एक चिलट दिसत नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला. मात्र बुरशीचं काय, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण ट्रे घेऊन महिन्याभरात माळ्यावर टाकणारे मी पाहिले आहेत.

आधी एक खुलासा, ज्याने बरेच ट्रे वाचतील. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास मुळांभोवती पांढरी मऊ लव दिसते आणि माणूस दचकतो. ती बहुधा मूळरोम असतात, म्हणजे पाणी शोषणारे मुळांचे बारीक केस. पाण्याचा फवारा मारा: मूळरोम मुळाला चिकटून दिसेनासे होतात आणि थोड्या वेळाने पुन्हा फुलतात. बुरशी फवाऱ्याने जात नाही. ती एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाळं विणते, करडी किंवा हिरवट होते, काहींवर काळे ठिपके येतात, आणि वास येतो, आंबूस आणि कोंदट. डोळ्यांपेक्षा नाकावर विश्वास ठेवा.

बुरशीचे बीजाणू बहुतेक वेळा दाण्याबरोबरच आलेले असतात आणि पहिला घास असतो तो न रुजलेला, तुटका दाणा. म्हणून अर्धी लढाई भिजवण्याआधीच होते. गहू पाखडून, फुटके दाणे वेचून काढा, भिजवल्यावर तरंगतील ते फेकून द्या. घरच्या साठवणीतला गहू घेण्याआधी त्याला काय लावलंय ते विचारा. एरंडेल चोळलेला असेल तर पाणी हळू शोषतो आणि एकसारखा रुजत नाही. बोरिक पावडर लावलेला किंवा पाऱ्याच्या गोळ्या घातलेला तर रसासाठी अजिबात नको. बी-बियाण्यांच्या दुकानातला गुलाबी-लाल रंग चढवलेला गहूही नको, तो रंग औषध लावल्याची खूण असते. वाण्याकडचा साधा लोकवन, काही न लावलेला, उत्तम चालतो. खपलीचा हट्ट धरू नका, टरफलासकट आला तर बुरशीला लपायला आणखी जागा.

भिजवणं रात्रभर पुरे. उन्हाळ्यात सहा-सात तास, आणि मध्ये एकदा पाणी बदला. मग फडक्यात बांधून मटकीसारखे मोड आणा आणि टोकं दिसताच पसरा, शेपट्या लांब होईपर्यंत थांबू नका. पसरताना हात आखडता ठेवा. फूटभर लांबीच्या ट्रेला एक वाटी कोरडा गहू भरपूर होतो, दाण्यावर दाणा चढता कामा नये. पाकिटावर लिहिलेलं प्रमाण मला नेहमी जास्तच वाटलं आहे.

पहिले दोन-तीन दिवस ट्रे झाकून ठेवा असं सगळे सांगतात, आणि पावसाळ्यात बुरशी धरते ती नेमकी त्या झाकणाखाली. मी ओलं सुती फडकं घालतो, तेही सैल, आणि पहिली मुळं जाळीतून खाली उतरली की काढून टाकतो. सकाळ-संध्याकाळ जाळी नळाखाली धरून धुवायची, तिरकी करून निथळायची, खालचं पाणी फेकून ताजं भरायचं. पाणी मुळांच्या टोकांना लागावं, दाण्यांना नाही. दाणे पाण्यात बसले की काम संपलं. आणि पंखा. सकाळच्या धुण्यानंतर अर्धा-पाऊण तास छताच्या पंख्याखाली ठेवायचं. माझ्या अनुभवात कुठल्याही फवाऱ्यापेक्षा पंख्याचा उपयोग जास्त झाला. दोन फेऱ्यांच्या मध्ये ट्रे गरम पाणी आणि व्हिनेगरने घासून उन्हात, नाहीतर निदान कोरडा ठेवायचा.

एवढं करूनही भर पावसात एखाद्या कोपऱ्यात डाग दिसतो. सुपारीएवढा असेल तर आजूबाजूच्या दाण्यांसकट चमच्याने उचलून टाकावा आणि बाकीचं धुऊन पंख्याखाली ठेवावं. पसरला असेल, वास येत असेल, तर सगळा ट्रे फेकावा. ‘वरून कापलं तर काय होतंय’ म्हणून त्याचा रस काढू नये. घरात आजारी किंवा वयस्कर माणूस पिणार असेल तर बिलकुल नाही. एरवीही दाण्यापासून इंचभर वर कापलेलं बरं.

ट्रेच्या विरुद्धही बाजू आहेच. गवत मातीतल्यापेक्षा फिकट आणि सडपातळ येतं, रस पातळ वाटतो. आईचं अजून म्हणणं आहे की मातीतल्या रसाला चव होती, आणि मला तिला खोडून काढता येत नाही. दुसरी कापणी जवळजवळ विसरायची. आणि हा ट्रे म्हणजे रोजची दोन वेळची बांधिलकी. शनिवार-रविवार गावाला जाणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, सोमवारी घरात शिरल्याशिरल्या वास स्वागत करेल. ज्यांच्याकडे गच्ची आहे, ऊन आहे, कुंड्या घराबाहेर राहू शकतात, त्यांना मी माती सोडा असं म्हणणार नाही. बाहेर चिलटं झाली तरी कुणाच्या चहात पडतात?

पण फ्लॅट असेल, कुंड्या बैठकीच्या खोलीलगत असतील आणि रोज सकाळी दहा मिनिटं सिंकपाशी उभं राहायची तयारी असेल, तर मी तरी ट्रेच सुचवेन. बुरशीचा बंदोबस्त आपल्या हातात आहे, चिलटांचा मात्र ऊन पडेल तेव्हा.

घेताना जाळीची भोकं बघा, गव्हाचा दाणा त्यातून पडता कामा नये. जाळी कडक हवी, कारण मुळांचं वजन वाढल्यावर नरम जाळी मध्ये खोलगट होते आणि तिथेच पाणी साचतं. खालचं भांडं निदान दोन इंच खोल असावं. एक मोठा घेण्यापेक्षा दोन-तीन लहान घ्या, म्हणजे एकाला बुरशी लागली तरी रस बंद पडत नाही. बहुतेक संचांबरोबर काळं झाकण येतं. पावसाळ्यात ते धुतलेले ट्रे निथळत ठेवायला चांगलं.