घरबसल्या जॉर्जिया टेकचं एम.एस.: आधी ग्रेडचे नियम वाचा, मग पैसे भरा

अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाचं ऑनलाइन एम.एस. इन कॉम्प्युटर सायन्स, म्हणजे ओएमएससीएस, मी चिंचवडच्या घरातून नोकरी सांभाळून पूर्ण केलं. ऑफिसमधली पोरं आता येऊन विचारतात, "ताई, घेऊ का?" त्यांना व्हिडिओ कसे आहेत, प्रोफेसर कोण आहेत, हे हवं असतं. ते सगळं उत्तम आहे. मी मात्र प्रत्येकाला आधी ग्रेडचे नियम वाचायला लावते, कारण या कोर्समध्ये माणूस टिकतो की बाहेर पडतो हे तिथेच ठरतं.

२०१४च्या जानेवारीत ऑनलाइन कोर्स चालवणारी युडॅसिटी आणि टेलिफोन कंपनी एटी अँड टी यांच्या साथीनं हा कोर्स सुरू झाला. तीस क्रेडिट, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे दहा विषय. सगळा खर्च साधारण सात-आठ हजार डॉलर. पदवीवर 'ऑनलाइन' असा शब्द नसतो. या किमतीत या दर्जाचं शिक्षण मला दुसरीकडे दिसलं नाही, हे मनापासून सांगते.

प्रवेश मात्र सैल आहे, आणि ते मुद्दाम ठेवलेलं आहे. खरी चाळणी आत गेल्यावर लागते. पहिल्या बारा महिन्यांत 'फाउंडेशनल', म्हणजे पायाभूत विषयांच्या, यादीतले दोन विषय किमान बी ग्रेडनं पार पाडावे लागतात. नाही झाले तर पुढे जाता येत नाही. हा नियम मला अतिशय न्याय्य वाटतो: मार्कशीट कुठल्या कॉलेजची, टक्के किती, यापेक्षा इथला अभ्यास तुम्हाला झेपतो का, हे ते बघतात. पण बारा महिने म्हणजे उन्हाळी सत्र धरून जेमतेम तीन सत्रं. त्यात नव्या विद्यार्थ्यांना विषय निवडायची वेळ सगळ्यात शेवटी मिळते, तोवर लोकप्रिय विषय भरलेले असतात. म्हणून नोंदणीच्या शेवटच्या दिवशी, ज्याला सगळे 'फ्री फॉर ऑल फ्रायडे' म्हणतात, लॅपटॉप उघडून बसायचं. वेटिंग लिस्ट रद्द होते आणि जागा सुटतात. मी नॉलेज बेस्ड एआय आणि ग्रॅज्युएट इंट्रोडक्शन टू ऑपरेटिंग सिस्टिम्स हे दोन विषय घेतले. दुसऱ्यात सी भाषेत मल्टिथ्रेडेड, म्हणजे एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळणारा, फाइल सर्व्हर लिहावा लागतो. ज्यांना पॉइंटरची भीती आहे त्यांनी तो पहिल्याच सत्रात घेऊ नये.

आता आकडेमोड, जी कुणीच नीट सांगत नाही. इथे ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २. प्लस-मायनस नाही, त्यामुळे काठावरचा बी आणि ए जेमतेम हुकलेला बी सारखाच. पदवीसाठी सरासरी ३.० लागते. म्हणजे दहाही विषयांत बी मिळाला तर बरोबर ३.० आणि पदवी हातात. पण नऊ बी आणि एक सी आला, तर सरासरी २.९ आणि पदवी अडली. एक सी भरून काढायला एक ए कमवावाच लागतो. आपल्याकडे पास झालो की सुटलो, एखादा विषय राहिला तर एटीकेटी आहेच, अशी सवय अंगात मुरलेली असते. इथे तुमच्या शाखेच्या, म्हणजे निवडलेल्या स्पेशलायझेशनच्या, विषयांत सी चालतच नाही, त्यांना बी लागतोच. सी फक्त ऐच्छिक विषयांत धरला जातो आणि डी तर पदवीच्या मोजणीत येतच नाही. विषय पुन्हा घेता येतो, पण जुनी ग्रेड पुसली जात नाही. दोन्ही सरासरीत धरतात. हा नियम मला कठोर वाटतो. वर्षभर राबून सुधारलेल्या माणसाला त्याचं पूर्ण श्रेय मिळायला हवं.

याच नियमांतली सगळ्यात माणुसकीची गोष्ट म्हणजे डब्ल्यू. ठरलेल्या तारखेआधी विषय सोडला तर प्रगतिपत्रकावर डब्ल्यू येतो आणि सरासरीला धक्का लागत नाही. सासऱ्यांची बायपास झाली तेव्हा मी एक विषय असाच सोडला, आणि कुठलंही मेडिकल सर्टिफिकेट न शोधता दवाखान्यात त्यांच्याजवळ बसू शकले. आपल्या युजीसीच्या दहा गुणांच्या पद्धतीत परीक्षेला गैरहजर राहिलं की शून्यच पदरात पडतं, ते आठवलं म्हणजे याची किंमत कळते. फीचा परतावा मात्र आठवड्यागणिक घटत जातो, तेव्हा निर्णय लांबवू नका. आणि पहिल्या बारा महिन्यांत घेतलेला डब्ल्यू फाउंडेशनलची वेळ खातो, हे विसरू नका. एकूण मुदत सहा वर्षं आहे. नोकरी, मुलं, आजारपण असलेल्यांना ती पुरते.

बाकी सोयींबद्दल थोडक्यात. अनेक विषयांत मुदत रविवारी मध्यरात्रीची, पण पृथ्वीवर सर्वांत मागे असलेल्या वेळेनुसार असते, म्हणजे आपल्याकडे सोमवारी संध्याकाळी ५:२९. रविवार संपला तरी ऑफिस सुटायच्या आत थोडी उसंत राहते. परीक्षा कॅमेऱ्यासमोर, आधी खोली फिरवून दाखवायची. घरातल्यांना बजावून ठेवा, मध्ये कुणी दार उघडलं तर तेही रेकॉर्ड होतं. चर्चेच्या फोरमवर टीए, म्हणजे प्राध्यापकांचे टीचिंग असिस्टंट, खूप मदत करतात. प्रा. अशोक गोएल यांनी जिल वॉटसन नावाची एआय टीए २०१६ साली याच नॉलेज बेस्ड एआयच्या वर्गात उतरवली होती. कोड कॉपी केलाय का, याची तपासणी कडक आहे. मित्राचा जुना प्रोजेक्ट मागू नका आणि स्वतःचा उघड्यावर टाकू नका.

शेवटी मशीन लर्निंग किंवा कॉम्प्युटिंग सिस्टिम्स शाखा घेणाऱ्यांसाठी. दोन्हींत ग्रॅज्युएट अल्गोरिदम्स, सीएस ६५१५, सक्तीचा आहे आणि तिथेही बीच हवा. मागणी इतकी की बऱ्याच जणांना जागा शेवटच्या एक-दोन सत्रांतच मिळते, म्हणजे नऊ विषय झाल्यावर सगळी पदवी एका विषयावर टेकते. त्यावर तोड आहे. सहाव्या-सातव्या विषयापासून ऐच्छिक विषय असे निवडा की गरज पडली तर ते दुसऱ्या शाखेतही बसतील. शाखा बदलता येते, आणि अल्गोरिदम्समधला सी मग ऐच्छिक म्हणून धरला जाऊ शकतो. फक्त त्याच्या भरपाईचा एक ए आधीच गाठीला असू द्या.