दापोलीकडे रीसेलचं घर घेताय? आधी पीओपी उघडून बघा

दापोली तालुक्यात किंवा किनाऱ्याला कुठेही जुनं स्लॅबचं घर बघत असाल तर हे पूर्ण वाचा, आमचे टोकनचे पैसे अजून अडकलेत आणि अजून कोणाचे अडकू नयेत म्हणून लिहितेय.

घर दिसायला मस्त. स्लॅबवर पत्र्याची शेड, आतून ताजा रंग, हॉलला पीओपी सीलिंग. मालक म्हणाले निसर्ग वादळात चार पत्रे उडाले बाकी काही नाही. आम्ही टोकन दिलं पण इंजिनिअरने घर बघून ठीक आहे म्हटलं तरच साठेखत (विक्रीचा करार), नाहीतर पैसे परत, असं विसारपावतीवर लिहून घेतलं (हे लिहूनच घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका).

इंजिनिअरनी छोट्या हातोडीने बीम वाजवत नेले, कुठे खणखणीत आवाज कुठे एकदम बद्द. मग सीलिंगमधली एक लाईट काढून टॉर्च मारला तर स्लॅबचं कव्हर (सळ्यांवरचा काँक्रीटचा थर) सुटलेलं, सळ्या उघड्या आणि गंजाचे पापुद्रे नुसत्या बोटाने निघत होते, काँक्रीटचे पडलेले तुकडे तसेच पीओपीवर, आणि त्याच्या बरोब्बर खाली मालकांचा सोफा, लहान मुलं तिथेच खेळतात हो! इंजिनिअर म्हणाले खाडीची वाळू न धुता वापरली की मीठ काँक्रीटमध्येच राहतं, त्यात ही खारी हवा, सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते, वरून पुट्टी मारून ते थांबत नाही. शेजारच्या काकूंकडून नंतर कळलं की त्या निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, अख्खी शेडच उडाली होती आणि पुढचे दोन पावसाळे स्लॅब उघडाच होता, विहिरीचं पाणीपण मे महिन्यात मचूळ होतं. मागच्या दाराच्या चौकटीला चकाचक ऑइलपेंट, स्क्रूड्रायव्हर टेकवला तर सरळ आत गेला आणि वाळवीची माती बाहेर आली.

मालकांचं उत्तर काय तर कोकणात सगळ्यांच्याच घरांना असं असतं. नाही हो, सगळे असं झाकून विकत नाहीत. निम्मे पैसे परत दिले, बाकीच्याचं विचारलं की फोन उचलत नाहीत.

बरेच जण म्हणाले रेरात (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) जा, पण रेरातली पाच वर्षांची बांधकामाची जबाबदारी बिल्डरवर असते, अशा जुन्या घराच्या मालकावर नाही. वकिलांनी मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम ५५ दाखवलं, मालकाला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. नोटीस त्यावरच दिलीय.

आता त्याच घराची जाहिरात परत फिरतेय, फोटोही तेच जुने. असं कुठलंही घर बघायला गेलात तर सीलिंगची लाईट काढून वर बघायला मागा, आणि नाही म्हणाले तर टोकनचा एक रुपयासुद्धा देऊ नका.