टॉवेलच्या तंतूंनी अडवलेली उष्णता: आठ महिन्यांच्या वापरानंतर

हीट पंप (विजेवर उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र), न्हाणीच्या सांडपाण्याच्या टाकीत बसवलेली, त्यातली उष्णता ताज्या पाण्याला देणारी कॉइल (नळीचं वेटोळं) आणि तेच सांडपाणी गाळून फ्लशला, असं हे एकत्र युनिट. गेल्या पंधरवड्यात फ्लशच्या पाण्याला वास यायला लागला. सर्व्हिसवाल्याने आल्या आल्या कार्बन (वास शोषणारा कोळशाचा फिल्टर) बदलायचं कोटेशन पुढे केलं. कार्बनला हात लावू नका. आधी टाकीच्या तोंडाची जाळी बघा.

कंपनीची जाळी 4 मिलिमीटरची. सोलापुरात घरोघरी टेरी टॉवेल, आणि नवा टॉवेल पहिल्या काही धुण्यांत ढीगभर तंतू सोडतो. वॉशिंग मशीनचं पाणी याच लाइनला. तंतू, केस आणि साबणाचा मळ मिळून कॉइलवर गोधडीसारखा थर बसतो. मग उष्णता पलीकडे जात नाही, वर त्या थरात पाणी कुजतं. नवा कार्बन टाकला तरी वास परत येणारच, कारण मूळ टाकीत आहे.

कंपनीच्या जाळीमागे 1 मिलिमीटरची स्टेनलेस जाळी घाला, टाकीबाहेर, हात जाईल अशा चेंबरमध्ये, आणि ती रोज झटका. मशीनच्या नळीला बारीक कापडी पिशवी बांधा. साठवलेलं सांडपाणी 24 तासांत संपलं पाहिजे. खप भरपूर असतो: फ्लशला माणशी 45 लिटर धरले तर प्रत्येकी चौघं राहणाऱ्या 24 फ्लॅटना दिवसाला 4,320 लिटर. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात एवढं उजनीचं पाणी वाचणं मोठी गोष्ट आहे.

कॉइल म्हणजे पैसे पाण्यात, असं आधीचं मत होतं. साफ केल्यावर ते बदललं, पण अर्धंच. 1,000 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला साधारण 35 युनिट वीज लागते. खाल्लेल्या विजेच्या तिप्पट उष्णता देणारा हीट पंप ते 12 युनिटांत करतो. थंडीत कॉइलने आधीच 5 अंश दिले तर त्यातलाही सहावा हिस्सा वाचतो. मे महिन्यात मात्र गच्चीवरच्या टाकीचं पाणी सांडपाण्याहून गरम असतं आणि उष्णता उलटी गटारात जाते. म्हणून बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी कॉइल टाळून सरळ नेणारा व्हॉल्व्ह, हवाच. तो कंपनी देत नाही. कॉइल दुहेरी भिंतीची आहे ना, हेही विचारा. एकेरी फुटली तर सांडपाणी आंघोळीच्या पाण्यात शिरू शकतं.

गरम टाकीत बोअरचं पाणी सोडू नका, क्षार धरतात. तापमान 55 ठेवा, जंतूंसाठी आठवड्यातून एकदा 60.

कार्बनचे पैसे दिलेले नाहीत. कंपनीने आधी कॉइलपर्यंत हात पोचेल असं झाकण बसवून द्यावं, मग बिलाचं बोलू.