तिने आधी आमच्या दशम्या खाल्ल्या

गाडीत अनोळखी माणसाने दिलेलं खाऊ-पिऊ नका, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. तरीही 2024 च्या डिसेंबरात मी आणि माझी बायको रेल्वेच्या डब्यात बेशुद्ध पडलो होतो आणि आमच्याजवळचं सगळं गेलं होतं. ती सूचना चुकीची नाही, पण ती फक्त शेवटच्या घोटाबद्दल बोलते. त्या घोटाआधीचे आठ-दहा तास कसे जातात, तुमच्या तोंडून 'नको' हा शब्द कसा काढून घेतला जातो, हे कुणी सांगत नाही. तेवढ्यासाठी हे लिहितोय.

आई कार्तिकात गेली. आम्ही नाशिकचे, त्यामुळे अस्थी रामकुंडातच सोडल्या, पण थोड्या त्रिवेणी संगमात सोडा असं तिने सांगून ठेवलं होतं. म्हणून आम्ही दोघं नाशिकरोडहून प्रयागराजला निघालो. स्लीपरचं तिकीट, समोरासमोरचे दोन खालचे बर्थ. अस्थींचा तांब्याचा गडू तांबड्या फडक्यात बांधून एका कापडी पिशवीत ठेवला आणि ती पिशवी खिडकीजवळच्या खुंटीला लावली. खाली टेकवायची नाही, असं बायकोने बजावलं होतं.

भुसावळला एक बाई आणि एक पंचविशीचा मुलगा येऊन बसले. बाई पंचेचाळीसच्या आसपासची, साधी सुती साडी, बोलण्याला अहिराणीचं वळण. मुलगा भाचा आहे म्हणाली. "आमचे बर्थ पलीकडच्या डब्यात आहेत ताई, पण तिथं सगळी पुरुषमाणसं. इथं मराठी आवाज आला म्हणून थांबले." परराज्यात शिरणाऱ्या गाडीत आपली भाषा कानावर पडली की किती बरं वाटतं, ते लांबचा प्रवास करणाऱ्याला सांगायला नको. बायकोने सरकून जागा दिली.

तिने पहिल्यांदा काही दिलं नाही. मागितलं. बायकोने डबा उघडला तेव्हा ती वाकून म्हणाली, "दुधातल्या दशम्या का? माझी आई करायची अशा." बायकोने दोन दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तिच्या हातावर ठेवली. तिने पदर सावरून, डोळे मिटून खाल्ल्या. भाच्याने एक मागून घेतली. त्या दिवसापासून मी हाच क्षण आठवतोय. आमच्या घरचं अन्न तिने इतक्या मायेने खाल्लं, मग रात्री तिने पुढे केलेला चहा नाकारायचा कसा? आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात, असं मानतच आपण वाढलो. ती माणसं नेमकी तिथूनच आत शिरतात.

खंडव्यापर्यंत तिला आमच्या घरातलं सगळं कळलं होतं. मुलगा बंगळूरला असतो, सूनबाई बाळंतपणाला माहेरी आहे, प्रयागला गुरुजी ठरलेत, दक्षिणा आणि नावेचे पैसे रोख लागतील म्हणून बेचाळीस हजार बरोबर घेतलेत. हे कुणी वदवून घेतलं नाही. ती स्वतःच्या नणंदेचं, मुलीच्या मोडलेल्या सोयरिकीचं सांगायची आणि त्या बदल्यात आपसूक आमच्याकडून काहीतरी निघायचं. खुंटीवरच्या पिशवीत काय आहे हे कळल्यावर तिने डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. बायकोचे डोळे भरून आले.

पुढची गोष्ट नीट लक्षात ठेवा. चोरांची भीती आम्हाला तिनेच घातली. इटारसी यायच्या आत म्हणाली, "ताई, गळ्यातलं आणि बांगड्या काढून ठेवा. रात्री गाडी हळू झाली की खिडकीतून हात घालून ओढतात." ही गोष्ट खोटी नाही, असे प्रकार होतात, म्हणून तर आम्हाला पटली. बायकोने मंगळसूत्र आणि दोन बांगड्या रुमालात बांधून हातपिशवीत ठेवल्या, ती हातपिशवी मोठ्या बॅगेत घातली. आमच्याकडे साखळी नव्हती. भाच्याने स्वतःची साखळी काढली, बर्थखालच्या कडीला आमची बॅग बांधली, कुलूप लावून खेचून दाखवलं. किल्ली त्याच्याकडेच राहिली आणि ती मागावी असं आमच्या मनातही आलं नाही.

तिकीट तपासनीस दोनदा आला. दोन्ही वेळा ते दोघं जागेवर नव्हते. एकदा 'पाणी आणायला', एकदा 'आमच्या डब्यात चक्कर मारायला'. ज्या बर्थवर ते बसत होते तिथले प्रवासी खंडव्याला उतरले होते. आज हे सगळं लख्ख दिसतं.

चहा साडेनऊच्या सुमारास निघाला. निळा थर्मास. सुंठ, गवती चहा आणि भरपूर गूळ घातलेला, वासानेच थंडी पळावी असा. भाचा आमच्याकडे पाठ करून पेले भरत होता. आम्हाला कागदी पेले, ती स्वतः थर्मासच्या झाकणातून प्यायली. ती आमच्यासमोर पीत होती, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. थर्मास एकच होता, पेले वेगळे होते. एवढाच फरक. मला घोटाच्या शेवटी किंचित कडवट लागलं, सुंठ जास्त झाली असेल असं वाटलं. बायकोला मधुमेह आहे, म्हणून तिने अर्धा पिऊन ठेवून दिला. त्या अर्ध्या पेल्यामुळे ती माझ्याआधी शुद्धीवर आली.

मला जबलपूर आठवत नाही. बायकोला अधूनमधून आवाज ऐकू येत होते, पण जीभ हलत नव्हती. सतन्याला चढलेल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की माझी बायको बर्थवरून अर्धी खाली लोंबकळतेय आणि हाक मारली तरी डोळे उघडत नाही. त्याने दोघांना कुशीवर वळवलं आणि रेल्वेच्या मदत क्रमांकाला, 139 ला, फोन लावला. धुक्यामुळे गाडी रखडत चालली होती. प्रयागराजला रेल्वे सुरक्षा बलाची माणसं स्ट्रेचर घेऊन उभी होती. त्या मुलाने आमच्याबरोबर उतरून आपली गाडी सोडली. आम्हाला लुटणारी माणसं आणि वाचवणारा मुलगा एकाच डब्यात भेटले, हेही सांगितलं पाहिजे.

डॉक्टर म्हणाले, झोपेच्या गोळ्यांच्या जातीचं औषध असावं. मी रक्तदाबाच्या गोळ्या घेतो. उतारवयात अशा औषधाचा डोस जास्त झाला तर श्वास मंदावतो, माणूस झोपेतच जाऊ शकतो. हा नुसता चोरीचा प्रकार नाही, जिवाशी खेळ आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 123 मध्ये यासाठी दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

रोख रक्कम, मंगळसूत्र, बांगड्या, दोघांचे फोन, माझं घड्याळ, सगळं गेलं. साखळी आणि उघडं कुलूप कडीला तसंच लटकत होतं. आईची पिशवी खुंटीवर होती. तिला हात लावला नव्हता.

घरच्यांनी फोनवर सांगितलं, जाऊ दे, तक्रार करून काय मिळणार, वर लोक हसतील. मी ऐकलं नाही आणि तुम्हीही ऐकू नका. चहा कुठे घेतला, चोर कुठे उतरले, कुणाच्या हद्दीत घडलं हे आपल्याला ठाऊक नसलं तरी कुठल्याही पोलीस ठाण्यात गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवता येतो, तो पुढे योग्य ठाण्याकडे जातो. चालत्या गाडीत असाल तर तपासनीस किंवा बंदोबस्ताच्या पोलिसांकडे तक्रारीचा अर्ज मागा, त्यासाठी प्रवास मोडावा लागत नाही. रक्त आणि लघवीचा नमुना लगेच घ्यायला सांगा, उशीर झाला की अंमल उतरतो आणि पुरावाही जातो. फोन गेला असेल तर आधी बँक आणि सिम बंद करा, मग सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर हँडसेट अडवा. खात्यातून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर त्याच तासात कळवा. आमचं खातं वाचलं, कारण मुलाने बंगळूरहून दहा मिनिटांत सगळं बंद केलं.

तिसऱ्या दिवशी त्याने पाठवलेल्या पैशांत आम्ही संगमावर गेलो. कुंभमेळ्याची तयारी चालू होती, वाळूत तंबूंच्या रांगा, नदीवर पिपांचे पूल. नावेत गुरुजींनी गोत्र विचारलं, आईचं नाव विचारलं. बायको माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "त्या बाईचं नाव काय होतं हो?" पोलिसांनीही आम्हाला हेच विचारलं होतं. ती बायकोला ताई म्हणायची, मला दादा. आम्हीही तिला ताई म्हणत होतो. इतक्या तासांत आम्ही तिला नावच विचारलं नव्हतं.

म्हणून जे आठवतं ते इथे देतोय. बाई सावळी, मध्यम उंचीची, हनुवटीवर हिरवं गोंदण, गुलबक्षी रंगाची शाल. मुलगा शिडशिडीत, उजव्या करंगळीचं नख वाढवलेलं. निळा थर्मास, त्याच्या झाकणाला पोचा आहे. दोघंही भुसावळच्या बाजूला चढतात, डब्यात मराठी बोलणारं वयस्क जोडपं शोधतात आणि आधी तुमच्या डब्यातलं काहीतरी मागून खातात. अशी बाई शेजारी येऊन बसली तर भांडू नका, जाबही विचारू नका. संडासाच्या बाजूला जाऊन 139 लावा, डबा आणि बर्थचा नंबर सांगा आणि गाडी पुढच्या स्टेशनात शिरेपर्यंत तिच्याशी बोलत राहा.