संत्र्याच्या बागेसाठी साडेदहा किलोमीटर वरचा वारा दाखवणारा नकाशा: पाचपैकी पाच

राहणं नागपूरच्या धरमपेठेत, संत्र्याची बाग काटोलकडे. फेब्रुवारी लागला की जिवाला घोर. संत्र्याचे दोन हंगाम: मृग बहार तोडणीला आलेला, आंबिया बहार फुलावर, आणि नेमकी तेव्हाच गारपीट. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारा विदर्भात कोण विसरेल? फुटलेली फळं बाबांनी घमेल्यात गोळा केली, दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

आता मी रोज 'अर्थ नलस्कूल' उघडतो. कॅमेरॉन बेकारियो यांनी बनवलेलं हे संकेतस्थळ फुकट आहे. कोपऱ्यातला 'अर्थ' शब्द दाबायचा, उंची 250 हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं माप, म्हणजे साधारण साडेदहा किलोमीटर वर) निवडायची. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा पट्टा लगेच नजरेत भरतो. हाच जेट प्रवाह. त्यावर बोट ठेवलं की वेग आणि दिशा कळते. जानेवारीत ताशी 200 किलोमीटरच्या वरचा आकडा कितीदा तरी येतो.

मी सकाळी साडेपाचचा नकाशा पाहतो. आपल्या रेखांशावर, म्हणजे 79 अंश पूर्वेला, वारा कुठल्या अक्षांशावर सर्वांत जोरात आहे ते वहीत टिपतो. बहुतेक नोंदी एकमेकींना चिकटून असतात. मग एखाद्या आठवड्यात पट्टा दक्षिणेकडे खोल वाकतो. वरून थंड हवा येते, खालून बंगालच्या उपसागराची ओल, आणि ढग उभे राहायला लागतात. महिन्याची सरासरी काढली की हा बाक त्यात बुडून जातो, म्हणून मी सरासरी काढणं सोडलं. उत्तर अटलांटिकचंही असंच आहे: हवामानशास्त्रज्ञ टिम वूलिंग्स आणि सहकाऱ्यांनी 2010 साली दाखवलं की तिथला हिवाळी जेट प्रवाह तीन ठरावीक अक्षांशांवर जास्त रेंगाळतो, म्हणजे एकच सरासरी तिथेही खरं चित्र लपवते. मला तर ते वाचून आपल्या वहीला अर्थ आला असं वाटलं.

नकाशा एका वेळेचं चित्र दाखवतो, दिवसांची जुळणी आपण करायची. त्यासाठी दोनशे पानी वही पुरते. जूनपर्यंत पट्टा हिमालयापलीकडे सरकतो, तेव्हा वही बंद.

गारांचा इशारा मात्र नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचाच घ्यावा, नकाशावरून गारा ठरवू नयेत. मी एवढंच करतो: बाक दिसला की तोडणीसाठी मजूर दोन दिवस आधी सांगून ठेवतो. बाबा आता संध्याकाळी फोनवर आधी विचारतात, "पट्टा कुठवर आला रे?"